भाकरीएवढा अँटेना

“मग तो जातो कुठे, आक्का?”

प्रज्योतने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अंबूआक्का नारळ खवत होती. तिने मान वर केली नाही.

“कोण जातो?”

“सिग्नल! पेटीतून निघतो. अँटेनात शिरतो. परत येत नाही, हा मीटर बघा, अजिबात परत येत नाही. आणि बाहेरही पडत नाही. मग मधल्यामध्ये जातो कुठे?”

“वाटी धर जरा,” आक्का म्हणाली. “खोबरं खाली सांडतंय.”

त्याने वाटी धरली. धरली म्हणजे काय, एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने मीटर तिच्या नाकाशी नेला.

आक्का खवत राहिली…

तुम्हाला सांगतो, मी बर्फवाला माणूस. काळसरी बंदरावर माझा बर्फाचा कारखाना, आणि आक्काचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून. रेडिओतलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्या दोन दिवसांत तिच्या पडवीत जे झालं ते मला कळलं. आणि मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

आधी आक्काचं सांगतो. गावात तिला मिक्सर दुरुस्त करणारी म्हणून ओळखतात. वय चौऱ्याहत्तर. पण त्याआधी एकोणतीस वर्षं ती पुण्याला एका मोठ्या प्रयोगशाळेत होती. साहेब लोक कागदावर अँटेना आखायचे, आक्का तो तांब्याच्या पत्र्यातून कापायची. कापायची, घासायची, मोजायची, परत कापायची. साहेबांची नावं पुस्तकात छापून आली. आक्का निवृत्त झाली आणि खवणी घेऊन गावी आली.

प्रज्योत पावसकर आमच्याच बंदरावरचा. आई लहानपणीच गेली, आतेने वाढवला. शिकून डॉक्टर झाला, म्हणजे गोळ्या देणारा नव्हे, अँटेनाचा डॉक्टर. पण हे बंदरावर कुणाला समजावणार? तो आल्यापासून चार जणांनी त्याला खोकल्याचं औषध विचारलं होतं. एकाने जीभही काढून दाखवली.

बेंगळुरूची नोकरी सोडून तो परत आला त्याला कारण होतं. मागच्या हंगामात वामनकाकांच्या, म्हणजे त्याच्या आतेच्या नवऱ्याच्या, होडीचं इंजिन समुद्रात बंद पडलं. दीड दिवस होडीचा पत्ता नाही. काका सुखरूप आले, वर बांगडे पण घेऊन आले. पण शेवंताआते तो दीड दिवस जेटीवर बसून होती. पाणीसुद्धा घेतलं नाही तिने. मी बर्फाचं पाणी नेलं तर माझ्याकडे असं बघितलं तिने की मी मागच्या पावली परत आलो.

प्रज्योतने तेव्हा फोनवरून तिला शब्द दिला. “आते, परत अशी बसायची वेळ तुझ्यावर येणार नाही.”

म्हणून त्याने ती पेटी बनवली. होडीवर ठेवायची. काकांनी बटण दाबलं की बंदरावर दिवा लागला पाहिजे. हिरवा दिवा म्हणजे ठीक आहे, लाल म्हणजे धावा. बस, एवढंच. मच्छीमार सोसायटीने सांगितलं होतं, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून वामनची होडी बाहेर पडेल, तेव्हा दाखव. सात मैलांवरून दिवा लागला तर अकरा होड्यांवर पेट्या बसवू. नाही लागला तर आम्ही आपले मासे मारायला मोकळे आणि तू तुझ्या बेंगळुरूला.

पौर्णिमा परवावर आली होती. आणि पेटीचा आवाज बंदराच्या तोंडाशीच मरत होता. पोरगा दोन रात्री झोपला नव्हता.

मग त्याने त्याच्या बेंगळुरूच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, तुमच्या किनाऱ्यावर एक बाई राहतात, अंबू केळशीकर, त्यांना शोध. प्रज्योतने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. लहानपणी आतेचा मिक्सर घेऊन तो याच पडवीत यायचा.

तर अशी ती पडवी, आणि आक्का नारळ खवतेय.

“आक्का, बघा तरी!”

“बघते की. तू दाखवतोस कुठे? नुसता मीटर दाखवतोस.”

“मीटर खोटं बोलत नाही.”

आक्काने खवणी बाजूला ठेवली. शेजारी तवसं कापून ठेवलेलं होतं, श्रावणातली मोठी, पिवळसर काकडी. तिने त्यातली एक जाड फोड उचलली, प्रज्योतच्या मीटरची वायर घेतली आणि वायरीचं टोक फोडीत खुपसलं. थोडं आत सरकवलं, थोडं बाहेर ओढलं, परत थोडं आत.

“आता बघ.”

प्रज्योतने बघितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“काय म्हणतो मीटर?”

“परत… काही येत नाहीये.”

“म्हणजे उत्तम अँटेना?”

मी खो खो हसलो. हसणार नाही तर काय! डॉक्टरेट केलेला माणूस तवशाकडे टक लावून बघतोय.

“मग परवा हेच ने होडीवर,” आक्का म्हणाली. “तहान लागली तर वामनला खाता येईल.”

“पण आक्का, काहीच परत आलं नाही म्हणजे सगळं—”

तेवढ्यात शेवंताआते पडवीच्या पायरीवर आली. हातात नारळांची पिशवी, नारळीभातासाठी. तिने शेवटचं वाक्य ऐकलं आणि पिशवी धपकन खाली ठेवली.

“काय रे? परत आलं नाही म्हणजे पोचलं?” ती म्हणाली. “तुझे काका परत आले नव्हते तेव्हा मी काय समजायचं होतं मग? पोचले म्हणून जेवायचं होतं?”



आक्काने आतेकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसली. “शेवंते, ये. बस. तुला यातलं याच्यापेक्षा जास्त कळतं.”

“मला काय कळतंय डोंबल,” आते म्हणाली आणि नारळ सोलायला बसली.

आक्काने हात पुसले. “आण तुझा अँटेना.”

प्रज्योतने पिशवीतून मखमलीची डबी काढली. अहो, डबी! त्यात एक चौकोनी तुकडा होता, चहाच्या बिस्किटाएवढा. वर चकचकीत तांबं, खाली पांढरं काहीतरी.

“एवढ्या लांब लहरीचा इतका छोटा अँटेना आपल्याकडे कुणी केलेला नाही,” तो म्हणाला. “परिषदेत दाखवला तेव्हा लोक उठून बघायला आले होते. वरच्या तांब्याचे कोपरे बघा, मी—”

“खाली काय आहे?”

“खाली? तो थर आहे, आधाराचा. पण खरी गंमत वरच्या आकारात आहे. इथे मी दोन खाचा दिल्या—”

“खाली काय आहे?”

“सांगतो ना. या खाचांमुळे लहर अशी वळसा घेते—”

आक्का डोळे मिटून बसली…

आते नारळ सोलत होती. मी विडी काढली होती ती परत ठेवली. आक्काच्या पडवीत विडी चालत नाही.

“खाली काय आहे, बाळा?” आक्काने तिसऱ्यांदा विचारलं. पण यावेळी आवाज असा होता की उत्तर दिल्यावाचून सुटका नव्हती.

प्रज्योतने तुकडा उलटा केला. माझ्या मते त्याने तो पहिल्यांदाच उलटा करून नीट बघितला.

“चिनीमातीसारखं असतं. बाहेरून मागवलंय. याचा आकडा दहा आहे, आक्का! दहा! साधी हवा असेल तर आकडा एक. हे दहा. म्हणजे हे लहरींना दाबून धरतं, घट्ट. म्हणून तर अँटेना एवढासा होतो. खालचं जितकं घट्ट धरणारं, तितका वरचा छोटा. आणि जाडी बघा, जेमतेम नखाएवढी!”

त्याचा चेहरा उजळला होता. एवढं सगळं बिघडलेलं असूनही त्या दहा आकड्याचं त्याला केवढं कौतुक!

“घट्ट धरतं?” आक्का म्हणाली.

“एकदम घट्ट.”

आक्काने हात पुढे केला आणि त्याचं मनगट पकडलं.

“तुझी आते कुठे बसलीय?”

“ही काय, इथे.”

“तिच्याकडे जा.”

प्रज्योत हसला. “जातो. सोडा.”

“जा.”

त्याने हात ओढला. हलला नाही. एकोणतीस वर्षं पत्रा कापलेला हात आहे तो, तुम्हाला काय वाटलं! माझी बर्फाची लादी ती एका हाताने सरकवते.

“आक्का, सोडा ना.”

“का? मी पाडतेय का तुला?”

“नाही.”

“हलवतेय का?”

“नाही…”

“नीट धरलंय की नाही? उत्तम आधार आहे की नाही माझा?”

“आहे हो, पण सोडल्याशिवाय मी जाऊ कसा?”

आक्का तशीच धरून बसली…

प्रज्योतने आधी ओढून बघितलं. मग लाजून माझ्याकडे बघितलं. मग मांडीवरच्या त्या बिस्किटाकडे त्याची नजर गेली. तिथेच राहिली.

“मनगट गरम झालं का?” आक्काने विचारलं.

“झालं.”

“मगाशी काय विचारत होतास? जातो कुठे?”

 आक्काने हात सोडला. तो मनगट चोळत बसला आणि हळूहळू त्याला हसू यायला लागलं. असं हसू मी पोरांच्या तोंडावर बघितलंय, गणित अडलेलं सुटतं तेव्हा.

“हेच धरून ठेवतंय,” तो म्हणाला. “सोडतच नाही. आणि धरून धरून स्वतः तापतंय.”

“किती?”

“फार नाही तापत, कळणारही नाही. पण बाहेर जाणारं मुळातच इतकं थोडं की… आक्का! सगळं तिथेच संपतंय! आणि माझा मीटर म्हणतोय वा वा!”

“तवशालाही म्हणाला,” मी म्हटलं.

“दामू, तू गप,” आक्का म्हणाली. “आणि जा, तुझ्या कारखान्यातून एक खोका घेऊन ये. थर्माकोलचा. फुटका चालेल.”

मी गेलो. आमच्याकडे मासळीचे थर्माकोलचे खोके ढिगाने पडलेले असतात. त्यातल्या त्यात कमी वास येणारा बघून आणला. आक्काने स्टोव्हवर सुरी तापवली आणि त्या खोक्याच्या तळाची बोटभर जाडीची चकती काढली, लोण्यातून काढावी तशी.

प्रज्योतचं हसू मावळलं.

“हे?”

“हे.”

“आक्का, हा मासळीचा खोका आहे.”

“मासळीच्याच होडीवर जायचाय ना?”

“पण याला काही… याच्यात काही…” त्याने नाक मुरडलं. “मी या विषयावर साडेचार वर्षं काढलीत, आक्का.”

“मग सांग की. साडेचार वर्षांचा हिशोब सांग. याचा आकडा किती?”

प्रज्योतने चकती हातात घेतली. दाबली. उजेडात धरली. कुरकुर आवाज झाला.

“एक. म्हणजे एकाच्या किंचित वर.”

“यात आहे काय?”

“हवा.”

“आणि?”

“हवाच. बाकी नावाला.”

“मग आता तुझ्या तांब्याखाली काय असेल?”

तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “जवळजवळ काहीच नाही.”

“हं,” आक्का म्हणाली. “आता कर.”

पण तो करेना. त्याचा जीव त्या बिस्किटात अडकलेला. मला आतून राग येत होता, खरं सांगतो. पौर्णिमा परवावर आलीय, आते शेजारी बसलीय, आणि हा मखमलीच्या डबीकडे बघतोय!

“मोठा होईल,” तो म्हणाला. “तिपटीने मोठा. एवढा.” त्याने हाताने दाखवला. “लोक हसतील.”

तेव्हा आते बोलली. नारळ सोलता सोलता, मान वर न करता.

“भाकरीएवढा तर आहे. होडीवर भाकरी ठेवायला जागा नाही असं तुला कुणी सांगितलं?”

आक्का मोठ्याने हसली. मीही हसलो. प्रज्योतने आधी तोंड वाकडं केलं, पण मग त्यालाही राहवलं नाही. त्याने डबीचं झाकण लावलं आणि डबी आतेच्या पिशवीत टाकली.

“द्या कात्री,” तो म्हणाला.

मग काय विचारता! तो सगळा दिवस आणि दुसरा दिवस आक्काच्या पडवीत नुसती धमाल. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून सपाट केला, तो सगळ्यात खाली. त्यावर थर्माकोल. त्यावर तांब्याचा चौकोन. खालून वायर भोसकून वर तांब्याला कथलाचा डाग दिला. प्रज्योत आकडेमोड करून माप सांगायचा, आक्का कापायची, मग मीटर लावायचा.

“मीटरचा आकडा खाली आला. कोपरा कमी करा.”

“किती?”

“दीड मिलीमीटर.”

आक्काने कानशीने दोन हात मारले. “झाला.”

“मोजलं नाही!”

“तू मोज.”

त्याने मोजलं. दीड. तो तिच्याकडे बघत राहिला.

मध्ये एकदा त्याला हुशारी सुचली. म्हणाला, थर्माकोल जरा पातळ घेऊ, दिसायला नीटस दिसेल. आक्का म्हणाली, घे. घेतला पातळ, पोळीसारखा. मीटर लावला, तर अँटेना एका जागी बरोबर बोलायचा, पण झाकण घातलं की बिघडला, ओला हात लागला की बिघडला. नाकावर राग असलेल्या सुनेसारखा.

“खाली मोकळी जागाच ठेवली नाहीस,” आक्का म्हणाली. “बोटभर जाडी राहू दे. जरा इकडेतिकडे झालं तरी चालेल असं कर. समुद्रात कुठे तुझी वातानुकूलित खोली आहे?”

त्याने परत बोटभर जाडीचा लावला. झाकण घातलं. ओल्या हाताने चोळलं. वर मीठ टाकून बघितलं. मीटर जागचा हलला नाही. पोराने असा नाच केला पडवीत की आतेने त्याला नारळाची शेंडी फेकून मारली.

पौर्णिमेच्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. जेटीवर सगळा गाव. होड्यांना पताका, बायकांच्या डोक्यात फुलं, बेंजो चालू. सोसायटीच्या अध्यक्षांनी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाहिला आणि वामनकाकांची होडी सुटली. केबिनच्या मागच्या भिंतीवर प्लास्टिकच्या डब्यात ती भाकरी उभी बसवलेली, तोंड किनाऱ्याकडे.

माझ्या कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर दुसरी भाकरी, आणि तिची वायर खाली आक्काच्या पडवीत. तिथे दोन दिवे, आणि खाली होडी किती मैलांवर आहे त्याचा आकडा. एक हिरवा, एक लाल. काकांना सांगितलं होतं, दर पाच मिनिटांनी हिरवं बटण दाबा. लालला हात लावू नका.

अध्यक्ष आले, सोसायटीचे लोक आले. पडवी भरली. आते सगळ्यांच्या पुढे, दिव्यासमोर मांडी घालून. सकाळपासून तिने तोंडात काही घातलं नव्हतं. नारळीभाताचं पातेलं झाकून ठेवलेलं.

हिरवा लागला. बंदराचं तोंड पार झालं होतं.

“बिस्किट इथेच मेलं होतं,” मी अध्यक्षांना सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण मान हलवली.

परत हिरवा. दोन मैल.

परत हिरवा. चार मैल.

प्रज्योत दुर्बीण घेऊन टाकीवर चढला, उतरला, परत चढला. हिरवा लागला की पोरं आरडाओरडा करायची. पाच मैल. सहा.

मग पाच मिनिटं झाली…

दिवा नाही.

दहा मिनिटं. पंधरा…

बेंजोवाले थांबले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि खाकरले. प्रज्योत टाकीवरून खाली उतरला. आते दिव्याकडे नाही, समुद्राकडे बघत होती. मागच्या वर्षीसारखी. मला तिच्याकडे बघवेना.

“आक्का…” प्रज्योत तिच्याकडे वळला. “आक्का, काय झालं?”

आक्का पातेल्यावरचं झाकण सारखं करत होती.

“तुझा अँटेना कुठल्या बाजूला बोलतो?”

“समोर. पाठीमागे पत्रा आहे, म्हणून पाठीमागे नाही… समोरच.”

“मग वामनने तोंड फिरवलं असेल.”

 मग आते म्हणाली, “घरात पण हेच करतो हा माणूस.”

पडवीत जो हशा पिकला! अध्यक्षसुद्धा पोट धरून हसायला लागले. आणि त्या हशातच, देवाशपथ सांगतो, दिवा लागला. हिरवा. लगेच परत लागला. मग परत. काकांनी होडी वळवून बघितली होती, मासे दिसले म्हणून, आणि आता तोंड सरळ करून, बटणाची आठवण झाल्यावर, पाच-पाच मिनिटांचे सगळे हप्ते एकदम चुकते करत होते.

“किती?” अध्यक्षांनी विचारलं.

प्रज्योत आकडा वाचत होता. दोनदा वाचला. “साडेसात मैल. साडेसात!”

बेंजो परत सुरू झाला, आणि कसला! पोरं टाकीवर चढली, मी त्यांना ओरडायचं विसरलो. अध्यक्ष म्हणाले, “डॉक्टर, अकरा पेट्या. पण आमच्या होड्या गरगर फिरतात त्याचं काय?”

“दोन भाकऱ्या लावू,” प्रज्योत म्हणाला. “पाठीला पाठ लावून. एक नाही तर दुसरी बोलेल.”

आक्काने त्याच्याकडे बघितलं. मी ओळखतो तिला. खूश होती.

आतेने पातेल्याचं झाकण काढलं. पहिला घास तिने स्वतःच्या तोंडात घातला. कुणासाठी थांबली नाही. तो घास ती कितीतरी वेळ चावत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हसतही होती. प्रज्योत तिच्यासमोर जाऊन बसला. तिने दुसरा घास त्याला भरवला.

दिवा परत लागला. हिरवा.

“पुरे झालं म्हणावं,” आते म्हणाली. “बोट दुखेल त्याचं.”

मग प्रज्योत उठला. आक्काच्या पायाशी गेला आणि डोकं टेकवलं. उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “हे सगळं आक्कांनी केलंय. पेटीवर मी आक्कांचं नाव घालणार आहे. एकोणतीस वर्षं यांचं नाव कुठेच आलं नाही!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्काने थर्माकोलचे तुकडे केरसुणीने एका बाजूला लोटायला घेतले. वाऱ्याने ते उडत होते, हाती लागत नव्हते. तिलाच हसू आलं, आणि तिने केरसुणी ठेवून दिली.

आते तोंडातला घास सांभाळत म्हणाली, “काय गं आक्का? आणि आम्हाला पत्ता नाही. सांग तरी, नक्की केलंस काय तू?”

आक्काने नारळीभाताची ताटली ओढून घेतली.

“जवळजवळ काहीच नाही.”